पुनर्वसनासाठी व्हीआर: ठाणे-नवी मुंबईत संशोधन सुरू करणाऱ्यांसाठी

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी किंवा एमपीटीच्या (फिजिओथेरपीतल्या पदव्युत्तर पदवीच्या) प्रबंधासाठी ‘व्हीआर आणि पुनर्वसन’ हा विषय घेणारी मुलं आता आपल्याकडे बरीच भेटतात. व्हीआर म्हणजे व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी, डोळ्यांवर हेडसेट लावून दिसणारं आभासी जग. इंजिनिअरिंगच्या मुलांकडे हेडसेट असतो, पेशंट नसतात. फिजिओच्या मुलांकडे पेशंट असतात, पण अॅप बनवून देणारं कोणी नसतं. दोघांनाही माझं सांगणं एकच आहे: हेडसेटचा विचार सगळ्यात शेवटी करा. पेशंटला नेमकी कुठली हालचाल जमत नाही, ती किती वेळा करून घ्यायची आहे आणि ती सुधारली हे कशावरून ठरवणार, हे तीन मुद्दे आधी कागदावर उतरले पाहिजेत. ते नसतील तर तुम्ही एक छान गेम बनवाल, संशोधन होणार नाही.

बहुतेक नवखे लकव्याच्या, म्हणजे मेंदूला झटका येऊन एक बाजू अधू झालेल्या, पेशंटपासून सुरुवात करतात, म्हणून पुढचं लिखाण मुख्यतः लकवा होऊन गेलेल्या माणसाच्या हाताबद्दल आहे. व्हीलचेअर, कृत्रिम हात वगैरे सहायक साधनांबद्दल नंतर वेगळं लिहिलं आहे.

आधी विभागात जाऊन बसा

कोड लिहिण्याआधी एखाद्या फिजिओथेरपी ओपीडीत परवानगी घेऊन नुसतं बसा. आपल्या भागात जागांची वानवा नाही. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे, नेरूळला डी. वाय. पाटील आणि तेरणा आहेत, कामोठ्याला एमजीएम आहे. दिव्यांग मुलांबद्दल काम करायचं असेल तर वाशीचं महापालिकेचं ईटीसी केंद्र पाहून या. थोडं पुढे जायची तयारी असेल तर हाजीअलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून हेच काम करते आहे. साधन बनवण्याच्या बाजूने मदत हवी असेल तर पवईला आयआयटीतलं बेटिक हे वैद्यकीय उपकरणांचं केंद्र आहे.

बसून काय करायचं? मोजायचं. एका सेशनमध्ये पेशंटचा अधू हात प्रत्यक्ष काही कामासाठी किती वेळा पुढे गेला, याच्या वहीत रेघा मारा. २००९ साली छापून आलेल्या एका अभ्यासात अमेरिका आणि कॅनडातल्या ७ केंद्रांवरची ३१२ सेशन्स अशीच बसून मोजली गेली होती. हाताने काही काम करण्याचा सराव ज्या सेशन्समध्ये होता, त्यांत अशा हालचाली सरासरी फक्त ३२ भरल्या. मेंदूला इजा झाल्यावर तो नव्याने शिकतो हे प्राण्यांवरच्या ज्या प्रयोगांत दिसलं, त्यांत ही संख्या दिवसाला शेकड्यांत असते. व्हीआरकडून खरी अपेक्षा आहे ती ही दरी भरून काढण्याची. तीच हालचाल शंभर वेळा करायला माणूस कंटाळतो, पण समोर काहीतरी घडत असलं तर करतो. तुमच्या अॅपने पेशंटकडून जास्त आणि नीट हालचाली करून घेतल्या का, हा या विषयातला पहिला प्रश्न. दृश्य किती सुंदर आहे याला त्यापुढे फारसा अर्थ नाही.

काम एकच निवडा

‘हाताची सुधारणा’ हे काम झालं नाही. ‘खुर्चीत बसून समोरच्या टेबलावरच्या पेल्यापर्यंत हात नेणे’ हे काम झालं. यात खांदा पुढे उचलावा लागतो, कोपर सरळ करावं लागतं आणि शेवटी मूठ उघडावी लागते. लकव्यानंतर बऱ्याच जणांना नेमकं कोपर सरळ करणं आणि बोटं उघडणं जड जातं. त्यामुळे थेरपिस्टसोबत बसून ठरवा की तुमचं अॅप या तिन्हींपैकी कशावर काम करणार आहे. तिन्हींवर एकदम नको.

पेला किती लांब ठेवायचा हे सेंटिमीटरमध्ये पक्कं करू नका. प्रत्येक पेशंटच्या स्वतःच्या हाताच्या लांबीवरून काढा. खांद्यापासून मनगटापर्यंतचं अंतर टेपने मोजायचं आणि त्याच्या काही टक्क्यांवर पहिला पेला ठेवायचा. दहापैकी सात-आठ वेळा जमेल इतपत सोपं ठेवावं आणि जमू लागलं की हळूहळू लांबवावं. हुकल्यावर कर्कश आवाज, लाल फुली, ‘गेम ओव्हर’ असलं काही ठेवू नका. ज्या माणसाला स्वतःच्या शर्टाचं बटण लावता येत नाही, त्याला हरल्याची आठवण पडद्याने करून द्यायची गरज नाही.

मेंदूच्या उजव्या बाजूला झटका आलेल्या काही पेशंटना डाव्या बाजूचं भानच राहत नाही. ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते, दाराची डावी चौकट खांद्याला लागते. अशा पेशंटसाठी हेडसेट खरोखर उपयोगी पडतो, कारण वस्तू मधोमध ठेवून थोडी थोडी डावीकडे सरकवता येते आणि मान किती वळली हेही कळतं. मात्र याच पेशंटला सगळ्या वस्तू डावीकडे दिल्या तर त्याला काहीच दिसणार नाही आणि तुमच्या नोंदीत ‘पेशंट सहकार्य करत नाही’ असं उमटेल. थेरपिस्टने केलेली तपासणी आधी वाचा.

सूचना मराठीत आणि थेरपिस्टच्याच आवाजात रेकॉर्ड करा. ‘हात पुढे न्या’, ‘आता सोडा’, इतक्या छोट्या. आगरी-कोळी घरातली आजी असो की हिंदी बोलणारे काका, ओळखीच्या आवाजाला माणूस लवकर प्रतिसाद देतो. वाचा गेलेल्या पेशंटसाठी शब्दांऐवजी चित्रं आणि हाताची खूण.

हेडसेट आणि अधू हात

कॉम्प्युटरला वायरने न जोडता चालणारा हेडसेट घ्या. ओपीडीत वायर म्हणजे पाय अडकून पडण्याला निमंत्रण. युनिटी किंवा गोडो या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरपैकी जे येत असेल त्यात बनवा, पण ओपनएक्सआर हे २०१९ साली आलेलं खुलं मानक वापरा. म्हणजे उद्या हेडसेट बदलला तरी सगळं पुन्हा लिहावं लागणार नाही. मेटा क्वेस्ट ३ चं वजन ५१५ ग्रॅम आहे. तुम्हाला ते जाणवत नसेल, पण मान आखडलेल्या सत्तरीच्या माणसाला दहा मिनिटांत जाणवतं.

खरी अडचण हाताची आहे. निरोगी हाताने डेमो पाहिला की वाटतं, कंट्रोलर नकोच, कॅमेरे बोटं ओळखतात. मग पेशंटचा हात समोर येतो. मूठ घट्ट आवळलेली, अंगठा तळव्यात दबलेला, मनगट खाली वळलेलं. बोटं एकमेकांआड गेलेली असल्यामुळे कॅमेऱ्याला अंगठा कुठला आणि करंगळी कुठली हे समजत नाही, आणि पडद्यावरचा हात मधेच उडतो नाहीतर दिसेनासा होतो. ज्या माणसाला आपला हात आपला वाटेनासा झालाय, त्याच्या डोळ्यांसमोर तो असा गायब होणं फार वाईट. यावर उपाय आहेत. बोटांचा नाद सोडून फक्त मनगटाची जागा वापरा. कॅमेऱ्याला हाताचा माग लागेनासा झाला तर शेवटच्या ठिकाणी हात स्थिर दाखवा. नाहीतर कंट्रोलर क्रेप बँडेजने किंवा रुंद व्हेलक्रोने पंजाला हलकेच बांधा. बांधताना बोटांचा रंग बदलत नाही ना, हे बघत राहा. लांब बाही आणि साडीचा पदर मनगटावरून बाजूला घ्यायचा.

हेडसेट चढवताना थेरपिस्टने अधू बाजूला उभं राहावं. पट्टे पूर्ण सैल करून आधी पुढचा भाग चेहऱ्यावर टेकवायचा, मग मागचा पट्टा ओढायचा. चष्मा असेल तर चष्म्यासकट बसतो का ते पाहा, आणि दोन्ही डोळ्यांतल्या अंतराप्रमाणे भिंगं सरकवून पेशंटला एखादा मोठा मराठी शब्द वाचायला सांगा. धूसर दिसत असताना सुरू केलेलं सेशन डोकेदुखीनेच संपतं. या सगळ्यात अधू हात ओढायचा नाही. लकव्यात खांद्याचा सांधा सैल झालेला असू शकतो.

खोली

फिजिओ विभागाच्या भिंतीवर मोठे आरसे असतात, कारण चालण्याचा सराव त्यांच्यासमोर होतो. हेडसेटचे कॅमेरे खोली बघून स्वतःची जागा ठरवतात आणि आरशाने फसतात. आरशावर पडदा टाका किंवा खुर्चीची दिशा बदला. अगदी कोरी पांढरी भिंतही चालत नाही. एखादा तक्ता, कॅलेंडर लावलं तरी फरक पडतो. खिडकीतून येणारं थेट ऊन दोन कारणांनी टाळायचं: माग नीट लागत नाही, आणि भिंगांवर ऊन पडलं तर आतला पडदा जळतो. हेडसेट टेबलावर भिंगं वर करून कधीही ठेवू नका. क्वेस्टच्या सेटिंगमध्ये दिव्यांच्या वारंवारतेचा पर्याय आहे, तो आपल्याकडच्या विजेप्रमाणे ५० हर्ट्झ करा.

खुर्ची हातांची, चाकं नसलेली. पंखा चालू ठेवा, पण पेशंट हात वर करेल त्या उंचीवर काही नको. पावसाळ्यात भिंगांवर वाफ धरते, तेव्हा हेडसेट दोन मिनिटं आधी चालू करून ठेवला की बरं. भिंगांना फक्त कोरडं मायक्रोफायबर कापड लावा, स्पिरिट नाही. चेहऱ्याला लागणारा भाग प्रत्येक पेशंटनंतर पुसता आला पाहिजे, म्हणून सिलिकॉनचं कव्हर आणि वर वापरून टाकायचा कागदी मास्क.

पहिलं सेशन

कोणाला घ्यायचं नाही, हे डॉक्टरांबरोबर बसून आधी ठरवा. फिट येण्याचा इतिहास, गरगरण्याचा जुना आजार, नुकतीच झालेली डोळ्यांची शस्त्रक्रिया, अस्थिर रक्तदाब. लकव्यानंतर काही जणांना फिट येऊ लागतात, त्यामुळे हा प्रश्न नातेवाइकांनाही विचारा. पेसमेकर असेल तर डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय नाही, कारण हेडसेट आणि कंट्रोलरमध्ये चुंबक असू शकतात.

पहिल्या दिवशी पाच मिनिटं पुरे. सगळं बसून. समोरचं दृश्य लॅपटॉपवर दिसत राहिलं पाहिजे, नाहीतर पेशंट कशाकडे हात नेतोय हे थेरपिस्टला कळणार नाही. मळमळ येण्याचं मुख्य कारण म्हणजे डोळे सांगतात ‘आपण हललो’ आणि कानातलं तोल सांभाळणारं यंत्र सांगतं ‘नाही’. म्हणून पेशंटचं डोकं हलल्याशिवाय दृश्य हलता कामा नये. जॉयस्टिकने चालवणं नको, आपोआप सरकणारा कॅमेरा नको. फ्रेमदर (सेकंदाला दिसणारी चित्रं) ७२ च्या खाली घसरत असेल तर झाडं, सावल्या, चकाकी काढून टाका.

त्रास होतोय हे आपल्याकडचे पेशंट पटकन बोलत नाहीत. ‘डॉक्टर इतकं करतायत, कशाला नाही म्हणा’ असं त्यांना वाटतं. म्हणून चेहरा बघा: घाम, पांढरेपणा, सारख्या जांभया, अचानक गप्प होणं. यांतलं काहीही दिसलं की थांबवा. मोजण्यासाठी १९९३ पासून वापरात असलेली सिम्युलेटर सिकनेस प्रश्नावली आहे. तिच्यात १६ लक्षणं असून प्रत्येकाला ० ते ३ गुण देतात. ती सेशनच्या आधीही भरून घ्या, कारण उन्हात रिक्षा-बसने आलेल्या माणसाचं डोकं आधीच दुखत असू शकतं.

छाती पुढे झुकतेय का, ते पाहा

या विषयावरच्या प्रोजेक्टमध्ये मला सर्वात जास्त ठिकाणी राहून गेलेली दिसते ती ही गोष्ट. कोपर सरळ होत नसलेला पेशंट पेल्यापर्यंत पोचण्यासाठी सरळ कमरेतून पुढे वाकतो. अॅपच्या दृष्टीने हात पोचला, गुण मिळाले, टाळ्या वाजल्या. दोन आठवड्यांत गुणांचा आलेख वर चढतो आणि कोपर होतं तिथेच असतं. खरं तर तुम्ही पेशंटला चुकीची सवय पक्की करून दिलेली असते.

महाग उपकरणाशिवाय यावर बरंच करता येतं. हेडसेट डोक्यावर आहे, त्याची जागा सेकंदाला ७२ किंवा ९० वेळा नोंदली जाते. सेशनच्या सुरुवातीला पेशंट पाठ टेकून बसलेला असताना डोक्याची जागा टिपून ठेवा. हात पुढे जाताना डोकं ठरावीक अंतरापेक्षा जास्त पुढे आलं तर पेला उचलला जाऊ नये, आणि थेरपिस्टच्या आवाजात ‘पाठ टेकून’ एवढंच ऐकू यावं. नुसती मान पुढे काढली तरी डोकं सरकतं, त्यामुळे हे माप अंदाजाचं आहे. जिथे शंका येईल तिथे छातीवरून खुर्चीला रुंद पट्टा बांधा, किंवा एक कंट्रोलर छातीवर पट्ट्यात अडकवून त्याची जागा नोंदवा. पट्टा बांधणार असाल तर संमतीपत्रात ते लिहिलेलं असू द्या.

मोजमाप

गेममधले गुण हे परिणाम म्हणून छापू नका. सरावाने गेम कोणालाही जमू लागतो. बाहेरचं, सर्वमान्य माप हवं. हातासाठी १९७५ पासूनचं फ्यूगल-मायर हे लकव्यानंतरच्या हालचाली तपासण्याचं माप आहे, त्यात हाताच्या भागाला कमाल ६६ गुण. बॉक्स अँड ब्लॉकमध्ये अडीच सेंटिमीटरचे लाकडी ठोकळे एका मिनिटात किती पलीकडे टाकले ते मोजतात. सुताराकडून करून घेता येतं, पण मापं काटेकोर पाळा. तोलावर काम असेल तर बर्ग स्केल, ५६ पैकी. हे सगळं प्रशिक्षित फिजिओने करायचं, अॅप बनवणाऱ्याने नाही.

हेडसेटच्या नोंदींमधून हालचालीला लागलेला वेळ, हाताने घेतलेली वाट किती वाकडी आणि मधे किती वेळा थबकला, हे काढता येतं. पण कोन वगैरे काढणार असाल तर आधी तेच कोन गोनिओमीटरने (सांध्याचा कोन मोजायच्या पट्टीने) मोजून ताडून बघा. हा ताळाच एक स्वतंत्र, छापण्याजोगा पहिला प्रबंध होऊ शकतो आणि नवख्यांसाठी मला तोच सर्वात योग्य वाटतो.

व्हीलचेअर, कृत्रिम हात आणि घर

बॅटरीवरची व्हीलचेअर चालवायला शिकताना माणूस भिंतीला, लोकांना धडकतो. व्हीआरमध्ये धडकून कोणाला लागत नाही, हा मोठा फायदा. पण माणूस जागेवर बसलेला आणि दृश्य पुढे सरकतंय, म्हणजे मळमळीची वर सांगितलेली अडचण इथे सर्वात जास्त. वेग कमी, वळणं हळू, सेशन छोटं. पेशंट नंतर जी जॉयस्टिक वापरणार, तीच जोडा.

कोपराखाली हात गेलेल्या माणसाला स्नायूंच्या विद्युतसंकेतांवर चालणारा कृत्रिम हात मिळेपर्यंत वेळ जातो. त्या काळात कुठला स्नायू आवळला की पंजा मिटतो आणि कुठला आवळला की उघडतो, याचा सराव पडद्यावरच्या हातावर करून घेता येतो. त्यानंतर खरा हात आला की त्याचं वजन, सॉकेटचा घाम, वस्तूचा निसटता स्पर्श हे सगळं नवं असतं. म्हणून ‘व्हीआरमध्ये जमलं’ याला ‘हात वापरता येतो’ समजू नका.

तिसरा वापर मला आपल्या भागासाठी फार मोलाचा वाटतो: साधन किंवा जागा बनवण्याआधी पारखून घेणं. व्हीलचेअरच्या रॅम्पला एक फूट चढायला निदान बारा फूट लांबी लागते, हा १:१२ चा नियम कागदावर सगळ्यांना पाठ असतो. पण सिडकोच्या जुन्या इमारतीत तळमजल्याच्या तीन पायऱ्यांसमोर तेवढी लांबी आहे का? न्हाणीघराच्या दारातून खुर्ची जाते का? टेप घेऊन त्या घरात जा, ओटा, दार, उंबरा, कमोड सगळं मोजा, तसंच व्हीआरमध्ये उभं करा आणि ज्याला तिथे राहायचं आहे त्यालाच खुर्चीसकट आत बसवा. पकडीची दांडी डावीकडे हवी की उजवीकडे, हे तोच सांगेल. वापरणाऱ्याला शेवटी ‘फीडबॅक’पुरतं बोलावणं पुरेसं नाही, पहिल्या बैठकीपासून तो टेबलाशी हवा.

तुलना कशाशी

या विषयातला पुरावा वाचताना उत्साह आवरता घ्यावा लागतो. लकव्यासाठी व्हीआरवरचा कॉक्रेनचा (अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या संस्थेचा) आढावा २०१७ साली ७२ चाचण्या आणि २,४७० पेशंट पाहून म्हणाला की नेहमीच्या थेरपीच्या जागी व्हीआर दिलं तर हाताला त्याहून जास्त फायदा दिसत नाही. नेहमीच्या थेरपीत भर म्हणून दिलं, म्हणजे एकूण सरावाचा वेळ वाढवला, तर फायदा असू शकतो. २०२५ ला तो आढावा सुधारला गेला, तोही मुळातून वाचा. शिवाय यातल्या बऱ्याच चाचण्यांत डोक्यावर हेडसेट नव्हताच, टीव्हीसमोर खेळायचे गेम होते. स्वतःच्या प्रस्तावात हा फरक स्पष्ट लिहा.

२०१६ साली लॅन्सेट न्यूरॉलॉजी या वैद्यकीय नियतकालिकात आलेली एव्हरेस्ट चाचणी तर प्रत्येकाने वाचावी. कॅनडा, अर्जेंटिना, पेरू आणि थायलंड इथल्या १४१ पेशंटपैकी अर्ध्यांना निन्टेंडो वी (टीव्हीसमोर हात हलवून खेळायचे गेम), बाकीच्यांना पत्ते, बिंगो, जेंगा, चेंडू. दोन्ही गटांना दोन आठवड्यांत तासाभराची १० सेशन्स. हात दोन्हीकडे सारखाच सुधारला. याचा अर्थ व्हीआर निरुपयोगी असा नाही. पण तुमच्या तुलनेच्या गटाला तितकाच वेळ, तितकंच लक्ष आणि तितकाच गमतीचा सराव मिळाला नसेल, तर तुमचा निष्कर्ष व्हीआरबद्दलचा राहत नाही, जास्त वेळेबद्दलचा होतो. मोजणाऱ्या फिजिओला कोण कुठल्या गटात हे माहीत नसावं. मुख्य परिणाम एकच, आणि तो आधी ठरवलेला.

कागदपत्रं

पेशंटला हेडसेट लावण्याआधी संस्थेच्या एथिक्स कमिटीची मंजुरी हवी, मग तो शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट का असेना. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं वाचून प्रस्ताव लिहा. इंजिनिअरिंग कॉलेजात बहुधा अशी कमिटी नसते, म्हणून वैद्यकीय किंवा फिजिओथेरपी कॉलेजातला सहमार्गदर्शक सुरुवातीलाच जोडून घ्या. बैठका रोज होत नाहीत आणि शंका येऊन प्रस्ताव परत येतो, तेव्हा वेळापत्रकात याला भरपूर जागा ठेवा. उपचाराची चाचणी असेल तर सीटीआरआयवर (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या ऑनलाइन नोंदवहीत) नोंदणी पहिला पेशंट घेण्याआधी झाली पाहिजे. १ एप्रिल २०१८ पासून मागाहून केलेली नोंदणी स्वीकारत नाहीत. नोंदणीला पैसे लागत नाहीत.

संमतीपत्र साध्या मराठीत लिहा, पेशंटला वाचून दाखवा. वाचता न येणाऱ्यासाठी संशोधनाशी संबंध नसलेला साक्षीदार लागतो. वाचा गेलेल्या पेशंटला सगळं समजत असू शकतं, हे विसरून थेट मुलाकडे सही मागू नका. चित्रं दाखवून, वेळ देऊन आधी त्याला विचारा.

हेडसेटमध्ये पेशंटचं नाव टाकायचं नाही, फक्त क्रमांक. नाव आणि क्रमांक जोडणारी यादी विभागात कुलपात. अॅप इंटरनेटशिवाय चाललं पाहिजे. हेडसेटचं खातं विद्यार्थ्याच्या नावावर नको, विभागाच्या नावावर हवं, नाहीतर तो पास होऊन गेला की उपकरण बंद पडून राहतं.

अभ्यास संपला की निकाल काहीही लागो, सीटीआरआयवरची नोंद पूर्ण करा. किती पेशंट मधेच सोडून गेले आणि का, हेही लिहा. ‘नेरूळहून यायला सोबत कोणी नव्हतं’ हे कारणसुद्धा पुढच्या माणसाच्या कामाचं असतं. हेडसेट विभागात राहणार असेल तर चार्जिंग कोण करणार, कव्हर कोण धुणार आणि बिघडला तर फोन कोणाला, हे एका कागदावर लिहून हेडसेटच्या कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवा.